‘अंतराळातली बिअर’ : कुठली खरी, कुठली नुसती नावाची

दांडिया बाजारातल्या आमच्या रविवारच्या विज्ञानगप्पांत अंतराळातल्या बिअरचा विषय निघाला, तेव्हा दारूबंदीच्या गुजरातेत, बडोद्यात, पहिला प्रश्न यायचा तोच आला : ‘‘परमिट लागेल का?’’ हसणं झालं. पुढे तासभर वाद झाला तो मात्र बिअरवर नव्हता, शब्दावर होता. एकाचं म्हणणं, जपानमध्ये ती केव्हाच विकून झाली. दुसऱ्याचं म्हणणं, वर अंतराळात अजून धड पेलाभरही कुणी बनवलेली नाही. दोघंही खरं बोलत होते. म्हणून हे टिपण.

गोंधळ होतो, कारण या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या गेल्या आहेत. जपानचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये जवाचं बियाणं पाच महिने आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर राहून आलं. त्याची पेरणी जमिनीवर झाली, त्यातून पुढची पिढी काढली, आणि त्या वंशातल्या जवापासून केलेली बिअर २००९ च्या अखेरीस सोडतीने विकली. सहा बाटल्यांचे फक्त २५० संच, दर संचाला १०,००० येन. पैसे शिक्षणाच्या कामाला गेले, तेव्हा हेतूबद्दल तक्रार नाही. पण आजोबा काशीला जाऊन आले म्हणून नातवाला गंगास्नानाचं पुण्य लागत नाही. ही बिअर शंभर टक्के जमिनीवर आंबलेली. डिसेंबर २०१७ मध्ये एका जगभर खपणाऱ्या ब्रँडने जवाचे वीस दाणे वर पाठवले आणि ‘मंगळावरची पहिली बिअर आमची’ असा गाजावाजा केला, तोही याच जातीचा. वीस दाणे. आमटीत एवढे कढीपत्त्याचे तुकडे पडतात.

२०१४ ची अमेरिकेतली गोष्ट याहून मजेशीर. यीस्टच्या कुप्या छोट्या रॉकेटने अंतराळाच्या वेशीपर्यंत नेऊन काही मिनिटांत खाली आणायच्या, असा बेत. पहिल्या खेपेला वाळवंटात पडलेला डबा वेळेत सापडलाच नाही आणि यीस्ट मेलं. दुसरी खेप जमली, आणि त्या यीस्टची स्टाउट, म्हणजे काळी दाट बिअर, २०१५ मध्ये बाजारात आली. गाडी भरूचला दोन मिनिटं थांबली, खारी सिंगची पुडी घेतली, आणि घरी येऊन भरूच पाहून आलो म्हणून सांगितलं, तशातला हा प्रकार. शिवाय यीस्टने खरं काम केलं ते घरी परतल्यावरच.

ऑस्ट्रेलियातल्या मंडळींनी प्रश्न उलटा धरला : बिअर बनेल कुठेही, पण वर ती पिता कशी येईल? सेव उसळीवर जिरा सोडा मारला की जी ढेकर येते, ती गुरुत्वाकर्षणाची देणगी आहे. वायू हलका म्हणून पोटात वर जमतो आणि एकटा बाहेर पडतो. वर गेल्यावर पोटात ‘वर’ अशी दिशाच नसते. वायू अन्नपाण्यात मिसळलेलाच राहतो आणि ढेकरेबरोबर तेही येतं. १९८५ मध्ये दोन हाडवैरी कोला कंपन्यांचे खास डबे एकाच शटलमधून (अमेरिकी अंतराळयानातून) गेले होते, तेव्हापासून ही अडचण माहीत आहे. म्हणून ऑस्ट्रेलियात कमी वायूची आणि दाट चवीची स्टाउट केली, कारण वर जिभेला चव कमी लागते. बाटलीही अशी आखली, की द्रव पृष्ठताणाने आपोआप तोंडाशी सरकत येईल. याला मी ‘अंतराळासाठीची बिअर’ म्हणेन. एका प्रत्ययाचा फरक आहे, पण सगळा वाद तिथेच मिटतो.

तेव्हा ‘अंतराळात बनलेली’ हे विशेषण फक्त तिथेच लावावं, जिथे साखरेचं अल्कोहोल वर झालं. हा माझा आग्रह आहे. गटात सगळ्यांना तो पटला असं नाही.

या कसोटीवर हाती उरतं फार थोडं. १९९० च्या दशकात कोलोरॅडोतल्या एका विद्यार्थिनीने शटलमधून आंबवण्याचे नमुने पाठवले. खर्च एका बिअर कंपनीचा. परत आलेल्या नमुन्यांत जिवंत यीस्ट कमी निघालं, तरी आंबण्याच्या कामात खोट आली नव्हती. तिने त्यातलं जेमतेम एक मिलिलिटर चाखलं. तपासणीच्या रसायनांमुळे चव बिघडलेली होती. पहिल्या खऱ्या अंतराळ-बिअरची मैफल ती एवढीच.

यीस्ट काम करतं, मग अडतं कुठे? बुडबुड्यात. आमच्या ओट्यावर मे महिन्यात हांडव्याचं पीठ आंबायला ठेवलं, की सकाळी झाकण उचललेलं असतं. पातेल्याच्या कडेने एक बुडबुडा सरकत वर येतो, फुगतो, फुटतो आणि पिठावर खळी ठेवून जातो. वर येताना त्याने पीठ थोडं ढवळलेलंही असतं. बिअरच्या टाकीत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. वर, स्थानकावर, बुडबुडा जिथे जन्मतो तिथेच बसून राहतो. ढवळणं बंद, फेस मात्र चालू. वजन हरवलं, की ‘वर आंबणारं’ आणि ‘तळाशी आंबणारं’ यीस्ट ही बिअरवाल्यांची जुनी वाटणीही निरर्थक होते. वर नाही, तळ नाही, आणि काम संपल्यावर यीस्ट खाली बसतही नाही. (या वजन हरवण्याला ‘शून्य गुरुत्वाकर्षण’ म्हणू नये, हेही जाता जाता सांगतो. ४०० किलोमीटर उंचीवर गुरुत्वाकर्षण जमिनीच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं. स्थानक सतत पडत असतं म्हणून वजन जाणवत नाही.)

यावरचा सगळ्यात हुशार तोडगा भारताशी जोडलेला आहे, आणि आपल्याकडे त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. चंद्रावर खासगी गाडी उतरवण्याच्या शर्यतीत बंगळूरचा एक संघ होता. त्यांनी विद्यार्थ्यांकडून प्रयोग मागवले. अट अशी, की प्रयोग शीतपेयाच्या डब्याएवढा असावा आणि वजन २५० ग्रॅमच्या आत. सुमारे ३,००० अर्जांतून २५ संघ अंतिम फेरीत आले. त्यांत कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांचा चंद्रावर बिअर आंबवण्याचा प्रयोग होता. जमिनीवर आंबवणं किती झालं ते हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजायची नळी) तरंगवून पाहतात. ते टाळून त्यांनी वायूचा दाब मोजायचं ठरवलं, आणि आंबवणं व वायू भरणं या दोन पायऱ्या एकाच डब्यात उरकल्या. २०१८ च्या सुरुवातीला संघाचा उड्डाणाचा करार मोडला. ३१ मार्च २०१८ ला शर्यतही विजेत्याशिवाय बंद झाली. डबा जमिनीवरच राहिला.

त्यानंतर खरी हालचाल झाली ती बिअरच्या शेजारच्या खोलीत. मार्च २०२० मध्ये जपानी मिसो (सोयाबीन आंबवून केलेला लगदा) स्थानकावर तीस दिवस आंबवला गेला. तो खाण्याजोगा निघाला, आणि चवीला जास्त खमंग, भाजल्यासारखा. ऑक्टोबर २०२५ मध्ये तांदूळ, कोजी (आंबवायची बुरशी), यीस्ट आणि पाणी घेऊन साकेचा, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूचा, प्रयोग वर गेला. त्यात भांडं फिरवून चंद्राएवढं, म्हणजे एक षष्ठांश वजन निर्माण करायचं होतं. परतल्यावर गाळून त्याची १०० मिलिलिटरची एकच बाटली दहा कोटी येनच्या वर विकायची, असं आधीच जाहीर झालं होतं. पुन्हा विक्री, पुन्हा बाटली! पण इथे निदान आंबणं वर ठरलेलं होतं, म्हणून मी गप्प बसतो.

राहिला अंतराळातल्या दारूबंदीचा मुद्दा. १९७३ च्या अमेरिकी स्थानकाच्या शिध्यात शेरी (एक प्रकारची वाइन) ठरली होती. ती बनतानाच तापवलेली असते, म्हणून पुन्हा भरली तरी टिकते. पण चाचणीच्या विमानात तिच्या वासाने लोकांना मळमळलं, बातमी फुटताच करदात्यांची रागाची पत्रं आली आणि शेरी शिध्यातून गेली. आजच्या स्थानकावरची बंदी मात्र लोकलाजेपुरती नाही. तिथे घाम, श्वासातला दमटपणा आणि लघवी शुद्ध करून पुन्हा पितात. २०२३ मध्ये हे प्रमाण ९८ टक्क्यांवर गेलं. अल्कोहोल उडून हवेत मिसळतं, तिथून पाण्यात येतं, आणि त्या यंत्रणेला ते काढणं जड जातं. म्हणून अल्कोहोल असलेला माउथवॉशसुद्धा चालत नाही. आपल्या गुजरातच्या दारूबंदीत निदान तब्येतीच्या कारणाने परमिट मिळतं. तिथे तेही नाही.

बैठकीत पेनिसिलीनच्या प्लांटमधून निवृत्त झालेले एक काका होते. बडोद्यातल्या गोरव्याची ती कंपनी, अलेम्बिक, १९०७ मध्ये टिंक्चर आणि अल्कोहोलपासून सुरू झाली, हे इथे वेगळं सांगायला नको. ते सगळा वेळ गप्प होते. निघताना चपला घालत त्यांनी विचारलं, ‘‘फेस कुठे जाईल? आमच्याकडे रात्रपाळीत टाकी फेसाळली की तेल टाकून मारायचो.’’ वायू जाऊ देईल पण द्रव अडवेल असा पातळ पडदा लावतात, असं मी सांगितलं. ते म्हणाले, ‘‘फेस चिकटून पडदाच तुंबला तर?’’ आणि लिफ्टचं दार बंद झालं.