लेकरू घरच्यांनीच नेलं तर त्याला पळवणं म्हणायचं की नाही? थोडी पार्श्वभूमी

आमच्या विदर्भात खेड्यात लेकरं पळवणारी टोळी आली अशी नुसती अफवा जरी आली तरी गाव काठ्या घेऊन रस्त्यावर येतं. पण तेच लेकरू बाप, काका, आजा नाहीतर मामा गाडीवर बसवून घेऊन गेला आणि पुढं वर्षानुवर्षं मायला दिसलंच नाही तर सगळे म्हणतात घरचा मामला आहे, आपसात पाहून घ्या. पोलीस पाटील तेच म्हणतो, ठाण्यातही बहुतेक तेच ऐकायला मिळतं. ते लेकरू मात्र कुठंतरी दुसऱ्या गावात, दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या राज्यात लपून वाढत असतं, आणि आपण लपलोय हे बरेचदा त्यालाही माहीत नसतं. हे असं का होतं ते समजायला बरंच मागं जावं लागतं, कारण ही नुसती गावाची रीत नाही, याला कायद्याचा आधार होता.

1856 चा विधवा पुनर्विवाह कायदा शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो, सुधारणेचा कायदा म्हणून, आणि तो तसा होताही. पण त्यातली दोन कलमं कोणी सांगत नाही. एक असं, की बाईनं दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीवरचा तिचा हक्क संपला. दुसरं असं, की तिनं लग्न केलं तर मेलेल्या नवऱ्याचे आईबाप, आजाआजी किंवा त्याच्याकडचा कोणी पुरुष नातेवाईक कोर्टात जाऊन लेकरांसाठी दुसरा पालक नेमून मागू शकतो. आता आमच्याकडे बऱ्याच जातींत पाट लावायची पद्धत आधीपासूनच होती, म्हणजे विधवेचं लग्न ही काही नवी गोष्ट नव्हती, पण पाट लागला की पहिल्या घरची लेकरं पहिल्याच घरी सोडायची हे गृहीत असायचं. तो कायदा 1983 साली रद्द झाला. "दुसरं घर केलं ना, मग लेकरं इथंच राहतील" हे वाक्य अजून रद्द झालेलं नाही, ते मी स्वतः बैठकीत ऐकलंय.

त्यानंतर आली 1860 ची भारतीय दंड संहिता. तिच्यात अपहरण म्हणजे कायदेशीर पालकाच्या ताब्यातून लेकरू नेणं. आणि कायदेशीर पालक कोण, तर आधी बाप. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यानंही हेच लिहिलं, बाप आणि त्याच्यानंतर आई, फक्त पाच वर्षांखालचं लेकरू साधारणपणे आईकडे ठेवावं अशी सोय केली. म्हणजे बापानं नेलं तर चोरी कशी म्हणणार, ज्याचं त्यानंच नेलं असा तो हिशोब. शिवाय अपहरणाच्या कलमाला एक अपवादही आहे, की ताब्याचा हक्क आपलाच आहे असं प्रामाणिकपणे वाटून नेलं तर गुन्हा नाही, त्यामुळे काका आजोबांनाही बोलायला जागा राहते. 1999 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की "त्याच्यानंतर" म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही, तो लक्ष देत नसेल, दूर असेल तरी आई पालक होऊ शकते. मोठा निकाल होता तो. पण गावापर्यंत निकाल पोचायला वेळ लागतो, रीत आधीच पोचलेली असते.

आता वावराचं बोलतो, कारण माझ्या मते आमच्या भागात याचं खरं मूळ मायेपेक्षा जास्त तिथं आहे. 1956 च्याच वारसा कायद्यानं विधवा, प्रत्येक लेकरू आणि मेलेल्याची आई यांना सारखा वाटा दिला. समजा शेतकऱ्यानं आत्महत्या केली, त्याच्या स्वतःच्या नावावर चार एकर, मागं बायको, दोन लेकरं आणि म्हातारी माय. चौघांना एकेक एकर, म्हणजे दोन एकर लेकरांचं. सातबाऱ्यावर त्या लेकरांच्या नावापुढं "अ.पा.क." असं लिहितात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता (अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालचं लेकरू), आणि त्याच्यापुढं मोठ्या माणसाचं नाव येतं. तिथं आईचं नाव लागलं की अर्ध्याहून जास्त वावर सुनेच्या हातात गेलं असं सासरच्यांना वाटतं. कोर्टाच्या परवानगीशिवाय अज्ञानाची जमीन विकता येत नाही हे खरं आहे, पण वाहता तर येते ना, पीक तर घेता येतं. त्यात शेतकरी आत्महत्येची एक लाखाची मदत, तिच्यातले 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत असं 2006 पासून चाललं, त्या पैशावरूनही घरं फुटली. कापसाच्या पट्ट्यात, यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे, बाईला तेरवी झाल्यावर माहेरी पाठवून द्यायचं आणि लेकरं ठेवून घ्यायची हे इतकं सहज होतं की तिला स्वतःलाही ते पळवणं वाटत नाही.

बापाकडच्यांनी ठेवलं तर लपवायची फार गरजच पडत नाही. गाव तेच, आडनाव तेच, शाळेच्या दाखल खारीज रजिस्टरात नाव तसंच. लपवतात ती फक्त आई. लेकराला सांगतात माय मेली, नाहीतर माय पळून गेली, आणि हे दुसरं जास्त वाईट, कारण मग ते लेकरू तिच्यावर राग धरून मोठं होतं आणि ती खरंच दारात आली तरी बाहेर येत नाही.

आईकडच्यांनी नेलं, समजा दारू पिऊन मारणाऱ्या नवऱ्यापासून पळून, तेव्हा मात्र लेकराला खरोखर लपवावं लागतं, आणि अशा बाईला मी दोष देऊ शकत नाही, तिच्यापुढं दुसरा रस्ता कोणी ठेवलेलाच नसतो. विदर्भाला मध्य प्रदेश, तेलंगणा, छत्तीसगड अशा तीन राज्यांच्या सीमा, वरूडकडून पांढुर्णा, परतवाड्याकडून बैतूल, पांढरकवड्याकडून आदिलाबाद, सगळीकडे सोयरिकी आहेत, त्यामुळे लेकरू मावशीकडे ठेवलं की राज्य बदलतं आणि पोलीसही बदलतात. ओळखीतली एक मुलगी अशीच वाढली, तिला शिकवून ठेवलं होतं, "बाबाचं नाव विचारलं तं मामाचं सांगजो." फोटोत यायचं नाही, जत्रेत जायचं नाही, बसस्टँडवर तोंडाला रुमाल. ती सांगते की भीती तिला बापाची कधी वाटलीच नाही, हजेरीची वाटायची, कारण रजिस्टरात लावलेल्या नावाला "हजर" म्हणायला ती विसरायची आणि पोरं हसायची. शाळेत घालणं मात्र अवघड नव्हतं, कारण 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार टीसी नाही किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. ही सोय खूप चांगली आहे, वीटभट्टीवरच्या आणि स्थलांतरित मजुरांच्या लेकरांना ती पाहिजेच, तिचा असाही उपयोग झाला इतकंच.

खोटं उघडं पडतं ते बारावीच्या आसपास, आणि ते पाडते जात पडताळणी, म्हणजे जातीचा दाखला खरा आहे का ते सरकारी समितीनं तपासणं. महाराष्ट्रात 2001 पासून यासाठी वेगळा कायदा लागू आहे आणि त्या पडताळणीच्या प्रमाणपत्राला, व्हॅलिडिटीला, सगळे पुरावे बापाच्या बाजूचे लागतात, बापाचा शाळा सोडल्याचा दाखला, आजोबाचा दाखला किंवा कोतवाल बुकातली नोंद, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीची, विमुक्त भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 च्या आधीची, वर वंशावळीचं शपथपत्र. सतरा वर्षांची पोरगी सेतू केंद्रात फॉर्म भरायला बसते आणि तिथला पोरगा विचारतो बापाची टीसी कुठाय. मग घरी येऊन ती विचारते आणि घरात कोणी बोलत नाही. कित्येकांना आपला बाप जिवंत आहे, चाळीस किलोमीटरवर राहतो, हे असं कळलंय. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलं की जात बापाचीच हे गृहीत असलं तरी लेकरू आईच्याच समाजात वाढलं असेल तर ते पुराव्यानं खोडता येतं, पण तो निकाल आंतरजातीय लग्नाच्या केसमधला होता, आणि ते सिद्ध करत बसायला ॲडमिशनची तारीख थांबत नाही.

कोर्टं हळूहळू बदलली हे सांगायला पाहिजे. 1959 मध्येच सुप्रीम कोर्टानं नात्यातल्या बाईनं अडवून ठेवलेली मुलगी तिच्या आईला परत द्यायला लावली होती, हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे अडवून ठेवलेल्या माणसाला कोर्टापुढं आणा अशा मागणीच्या, धर्तीवरच्या अर्जावर. 2013 मध्ये हरवलेल्या प्रत्येक लेकराची एफआयआर घ्यायचीच असा आदेश आला. 2017 च्या एका केसमध्ये बापानं दोन वर्षांचीही नसलेली मुलगी ठेवून घेतली होती आणि ती आईला ओळखेनाशी झाली होती, तेव्हा लेकराचं मन असं एका बाजूला वळवणं हेच नुकसान आहे असं मानून तिला एक वर्ष आईकडे राहू दिलं. 2019 मध्ये, आईच्या मृत्यूनंतर मावश्यांनी ठेवलेलं लेकरू बापाला मिळालं. आणि ऑक्टोबर 2023 मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठानं अमरावतीच्या एका केसमध्ये सांगितलं की कोर्टाची मनाई नसेल तर सख्ख्या बापावर आपलंच लेकरू पळवल्याचा गुन्हा लागत नाही. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते बरोबर असेल, पण त्याचा अर्थ असा, की माय आधी कोर्टात गेलेली नसेल तर ठाण्यात तिच्यासाठी फारसं काही नाही. दंड संहितेच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अपहरणासाठी मुलगा मुलगी दोघांचं वय 18 केलं, पालकाच्या ताब्याचा मुद्दा तसाच राहिला.

आणि कोर्टात जायचं तर 1890 चा पालक व पाल्य कायदा, जो म्हणतो लेकरू जिथं नेहमी राहतं तिथल्या जिल्हा कोर्टात अर्ज करा, कौटुंबिक न्यायालय असेल तर तिथं. लेकरू कुठं ठेवलंय तेच माहीत नसलेल्या बाईला पहिला प्रश्न हाच पडतो, आणि नेण्याआधी ते जिथं राहत होतं, शाळेत जात होतं, तिथलाच पत्ता धरून केस करता येते हे तिला कोणी सांगत नाही. म्हणून उशीर करू नये. लेकरू 18 चं झालं की पालकत्वाची केसच संपते. वकिलाच्या पैशासाठी थांबू नये, तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं बाईला आणि लेकराला फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि लेकराला मारहाण होतेय किंवा डांबून ठेवलंय अशी शंका असेल तर 1098 वर शेजाऱ्यानं फोन केला तरी चालतो.