पार्श्वभूमी : रोमन फोरमचे अवशेष कसे घडले

फोरम म्हणजे प्राचीन रोमचा मुख्य सार्वजनिक चौक. त्याच्या उत्तर कडेला विटांची एक उंच, चौकोनी इमारत उभी आहे. रोमन सिनेटचे सभागृह ते हेच. तिच्यासमोर उभे राहणाऱ्याची समजूत होते की रोमन लोकांना अशी उघडी, तांबूस वीट आवडत असावी. प्रत्यक्षात मानाच्या इमारतीची वीट ते झाकून टाकत. या सभागृहाच्या दर्शनी भिंतीला खाली संगमरवरी लाद्या होत्या आणि वर संगमरवराचा भास व्हावा असा पांढरा गिलावा. 283 च्या आगीनंतर ते पुन्हा बांधले गेले आणि 630 मध्ये त्याचे चर्च झाले. चर्च झाले म्हणूनच ते टिकले. त्याचे ब्राँझचे दरवाजे सतराव्या शतकात रोममधल्याच लॅटरन बॅसिलिका या मोठ्या चर्चला नेऊन बसवले आणि ते आजही तिथेच आहेत. इथे दिसतात त्या प्रतिकृती. आज जे ‘प्राचीन’ रूप दिसते ते 1930 च्या दशकात चर्चची बरोक, म्हणजे नंतरच्या काळातल्या भपकेबाज शैलीची सजावट उतरवून बाहेर काढलेले आहे. बाराशे-तेराशे वर्षांचा एक आख्खा थर त्यासाठी पुसला गेला.

फोरमचे मूळ रूप आणि आजचे अवशेष यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवावे लागते. काळाने जे मोडले ते मोडलेच. पण काय राखायचे आणि काय काढून टाकायचे हे गेल्या दोनशे वर्षांत माणसांनी ठरवले आहे.

रंगाचेही तसेच. पांढऱ्या दगडाचे रोम हे आपल्या डोळ्यांत बसलेले चित्र झिजलेल्या रोमचे आहे. उत्तर आफ्रिकेतून पिवळा संगमरवर, आशिया मायनरमधून जांभळ्या शिरांचा, इजिप्तमधून लालसर जांभळा पॉर्फिरी असे दगड येत आणि जमिनी, भिंती, खांब त्यांनी मढवले जात. शिल्पे रंगवलेली असत. सम्राट टायटसच्या विजयकमानीवर जेरुसलेमच्या मंदिरातून लुटून आणलेल्या दीपवृक्षाचे शिल्प आहे. 2012 च्या तपासणीत त्यावर पिवळ्या रंगाचे कण सापडले. सोन्याचा दीपवृक्ष सोनेरीच दिसावा, एवढा साधा हेतू त्यामागे होता. शिवाय फोरम आजच्यासारखा मोकळा, हवेशीर कधीच नव्हता. पुतळे, स्मारकस्तंभ, व्यासपीठे आणि देवळांच्या पायऱ्या यांची तिथे इतकी दाटी होती की आज ऐसपैस वाटणारा चौक तेव्हा चिंचोळा भासत असणार.

मधली शतके थोडक्यात सांगता येतात. 608 मध्ये एका बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन सम्राटाच्या सन्मानार्थ स्तंभ उभारला गेला, तोही आधीच्या स्मारकाचा खांब वापरून. ही फोरममधली शेवटची मोठी भर. पुढे पूर, पडझड आणि राडारोडा यांनी जमीन कित्येक मीटर वर आली. गुरे चरू लागली आणि नावच पडले काम्पो वाच्चीनो, म्हणजे गुरांचे रान. सम्राट अँटोनायनस आणि त्याची पत्नी फॉस्टिना यांच्या देवळात चर्च वसले. सतराव्या शतकाच्या आरंभी त्याची पुनर्बांधणी झाली तेव्हाच्या जमिनीला धरून त्याचा दरवाजा आहे. खालची माती उपसल्यावर तो आता हवेत लटकल्यासारखा दिसतो. माती किती साचली होती याचे इतके सरळ माप फोरममध्ये दुसरे नाही.

सर्वांत मोठी हानी मात्र परचक्राने केली नाही. 1540 मध्ये खुद्द पोपने सेंट पीटर्स या चर्चच्या बांधकामासाठी फोरममधून दगड काढण्याची मुभा दिली. पुढच्या काही वर्षांत तोवर बऱ्यापैकी शाबूत असलेली स्मारके पाडली गेली. सुबक दगड बांधकामाला गेला, उरलेला चुन्याच्या भट्टीत. रोमचे वैभव रानटी टोळ्यांनी धुळीला मिळवले हे वाक्य म्हणूनच जपून वापरावे.

एकोणिसाव्या शतकात उपसा सुरू झाला आणि त्याबरोबर उभारणीही. सम्राट व्हेस्पेशियनच्या देवळाचे तीन खांब कलले होते. 1811 च्या सुमारास ते उतरवून नव्या पायावर पुन्हा उभे केले. त्यानंतर दहा-बारा वर्षांत टायटसची कमान मध्ययुगीन किल्ल्याच्या भिंतींतून सोडवली. तिचे हरवलेले भाग मुद्दाम वेगळ्या दगडात, ट्रॅव्हर्टिनमध्ये घडवले, म्हणजे नवे कोणते आणि जुने कोणते हे पाहणाऱ्याला कळावे. हा प्रामाणिकपणा पुढे सगळ्यांनी पाळला असता तर बरे झाले असते.

खरा वाद आहे तो फोरमच्या बाजूने काढलेल्या 1932 च्या रस्त्याचा. मुसोलिनीच्या तत्कालीन हुकूमशाही राजवटीला व्हेनेझिया चौकातून थेट कलोसियम दिसायला हवे होते आणि लष्करी संचलनासाठी रुंद मार्ग हवा होता. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वसलेली दाट वस्ती पाडली गेली. हजारो रहिवासी घरे सोडून शहराबाहेरच्या वसाहतींत गेले. वेलिया नावाची टेकडी कापून सपाट केली. तिच्या पोटात रोमन घराच्या चित्रित भिंती निघाल्या, प्रागैतिहासिक हत्तीची हाडे निघाली. पण उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, 28 ऑक्टोबर, सत्ताग्रहणाचा दहावा वाढदिवस. उत्खनन त्या तारखेच्या मागे धावत उरकले गेले.

समर्थक म्हणतात, या कामामुळेच ट्रेजन, ऑगस्टस, सीझर यांचे चौक उजेडात आले. ते खोटे नाही. पण उजेडात आलेल्यातला बराच भाग लगेच त्याच रस्त्याखाली गेला. आज डावी-उजवीकडे जे दोन वेगवेगळे परिसर वाटतात ते एकमेकांना लागून असलेले चौक होते. एका सम्राटाच्या चौकातून दुसऱ्याच्या चौकात माणूस चालत जाई. ‘रोमन फोरम’ आणि ‘साम्राज्यकालीन फोरम’ (म्हणजे हे नंतरचे चौक) ही विभागणी कालक्रमानुसार योग्य असली, तरी लोकांच्या मनात ती ठसवली डांबराने.

1970 च्या दशकाच्या अखेरीस वाहनांच्या धुराने संगमरवर झडत असल्याचे इशारे आले आणि रस्ता काढून टाकण्याची मागणी जोर धरू लागली. कॅपिटोलाईन टेकडीच्या पायथ्याचा छोटा रस्ता 1980 च्या सुमारास खरेच काढला गेला, आणि फोरम त्या टेकडीला पुन्हा जोडला गेला. मोठ्या रस्त्याला मात्र हात लागला नाही. 2013 मध्ये कलोसियमकडच्या टप्प्यावर खासगी वाहने बंद झाली एवढेच. मॅक्झेंशियसच्या बॅसिलिकाच्या, म्हणजे त्या सम्राटाच्या नावाच्या भव्य सार्वजनिक सभागृहाच्या भिंतीवर राजवटीने रोमच्या विस्ताराचे संगमरवरी नकाशे लावले होते. त्यांतले प्राचीन रोमचे चार अजून तिथेच आहेत. राजवटीच्या स्वतःच्या साम्राज्याचा पाचवा तेवढा उतरवला गेला.

रस्त्याच्या बगलेला जुन्या वस्तीतली एक गल्ली तगून होती. अलीकडे तिचाही काही भाग खणण्यात आला. 2019 मध्ये तिथे मध्ययुगीन भिंतीत साध्या दगडासारखे बसवलेले डायोनिसस या मद्यदेवतेचे संगमरवरी मस्तक मिळाले.