स्वतः शिवलेला ड्रेसचा वॉर्डरोब

स्वतः शिवलेला वॉर्डरोब म्हणजे रोज घालायचे कपडे, इथे मुख्यतः ड्रेस, आपल्याच मापाने आपल्याच हाताने शिवत कपाट भरत जाणं. ड्रेस म्हणजे इथे वनपीस धरायचा, वरचा भाग आणि घेर एकाच कपड्यात. हौस म्हणून एखादा ड्रेस शिवणं वेगळं आणि अख्खं कपाट शिवणं वेगळं, कारण एका ड्रेसचा खांदा जरा उतरला किंवा गळा पुढे फुगला तरी आपण चालवून घेतो, पण तीच चूक आठ ड्रेसमध्ये आठ वेळा झाली की "कपाट भरलंय आणि घालायला काही नाही" ही जुनीच रड परत सुरू, फक्त आता दोष द्यायला दुसरं कुणी नाही. म्हणून या कामाचा जीव टिपेत नाही, मापात आहे. सरळ टीप मारायला महिनाभरात येते, स्वतःच्या अंगावर कापड बसवायला मात्र बरेच ड्रेस वाया घालवावे लागतात.

थोडा इतिहास

घरी कपडे शिवणं फार जुनं, पण अंगाला बसणारा ड्रेस बेतणं हे कसबी काम, ते येणाऱ्याकडेच जायचं. दोन गोष्टींनी ते बदललं. पहिली मशिन. इलायस हाव यांना अमेरिकेत १८४६ मध्ये लॉकस्टिच (वरचा आणि खालचा धागा एकमेकांत अडकवणारी टीप) मशिनचं पेटंट मिळालं, आयझॅक सिंगर यांचं १८५१ चं, आणि सिंगरने हप्त्यांवर मशिन द्यायला सुरुवात केल्यावर ते घराघरात शिरलं. दुसरी गोष्ट माझ्या मते जास्त मोठी आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं, ती म्हणजे कागदी पॅटर्न, कापड कापायचा कागदाचा साचा. एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने १८६३ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये वेगवेगळ्या मापांत कापलेले पॅटर्न विकायला काढले, आधी पुरुषांचे आणि मुलांचे, मग १८६६ पासून बायकांच्या ड्रेसचेही. त्याआधी मासिकांत नकाशे यायचे पण एकाच मापाचे, ते स्वतःपुरते मोठे-लहान कसे करायचे ते ज्याचं त्याने बघायचं.

जर्मनीत एन्ने बुर्दा यांनी १९५० मध्ये काढलेल्या मासिकात १९५२ पासून पॅटर्नचा कागदच आत येऊ लागला. त्या एका कागदावर अनेक कपड्यांच्या रेघा एकावर एक छापलेल्या असतात, पहिल्यांदा उघडला की धडकीच भरते, पण आपल्या मापाची रेघ शोधून ट्रेस करायची सवय एकदा लागली की ते जाळं वाचता यायला लागतं.

युद्धाच्या काळात हे काम हौसेचं राहिलं नाही, गरजेचं झालं. ब्रिटनमध्ये जून १९४१ पासून कपड्यांवर रेशन आलं, पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपनं, त्यातली लोकरी ड्रेसला ११ आणि सुतीला ७ जायची, म्हणून सरकारने १९४३ मध्ये 'मेक डू अँड मेंड' नावाचं पत्रकच काढलं, जुनं उसवून नवं करा असं सांगणारं. हे रेशन १९४९ पर्यंत चाललं. १९५२ मध्ये बटरिकने 'वॉक-अवे ड्रेस' आणला, सकाळी शिवायला घ्या आणि दुपारच्या जेवणाला घालून बाहेर पडा अशी त्याची जाहिरात, आणि तो तुफान खपला. खरं तर त्या ड्रेसच्या सगळ्या कडांना उरेब पट्टी (तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी) लावायची असते आणि ज्यांनी कुणी ती लावलीय त्यांना दुपारच्या जेवणाचं काय होतं ते माहितीये. पुढे रेडिमेड स्वस्त झालं तसं घरचं शिवणं मागे पडलं. आता पॅटर्न पीडीएफमध्ये मिळतात, घरी ए-फोर कागदांवर छापून चिकटवायचे, आणि छापताना शंभर टक्के स्केल ठेवून पहिल्या पानावरचा टेस्ट चौकोन पट्टीने मोजायचा. तो न मोजता कापड कापलं तर ड्रेस कुठल्या मापाचा होईल ते प्रिंटरच्या हातात.

माप आणि बसवणं

मापं घ्यायची ती छाती, वरची छाती (काखेखालून, स्तनांच्या वरून), कंबर, हिप, मानेपासून कंबरेपर्यंत पाठीची उंची, खांदा, दंडाचा घेर. यातली वरची छाती बहुतेक जण घेत नाहीत आणि तिथेच घोळ होतो. मोठ्या कंपन्यांचे पॅटर्न साधारणपणे बी कप धरून काढलेले असतात, म्हणजे वरची छाती आणि पूर्ण छाती यात साधारण २ इंचांचा फरक. तुमचा फरक ४ इंचांचा असेल आणि तुम्ही पूर्ण छातीचं माप बघून साइझ घेतलीत तर छातीला ड्रेस बसेल, पण खांदे उतरतील, गळा उघडा पडेल आणि मुंढ्याजवळ, म्हणजे बाही जोडतात तिथे, कापड गोळा होईल. अशा वेळी साइझ वरच्या छातीवरून निवडायची आणि छातीला लागेल तेवढी जागा पॅटर्न कापून उघडून वाढवायची. कापायचं आणि उघडायचं ऐकून भीती वाटते, पण ते कागदावर आहे, कागद परत चिकटवता येतो.

रेडिमेड कपड्याच्या साइझचा आकडा आणि पॅटर्नच्या साइझचा आकडा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पॅटर्नमध्ये आकडा मोठा येतो म्हणून मनाला लावून घेऊ नका.

अंगाचं माप आणि कपड्याचं माप एक नसतं. श्वास घ्यायला, बसायला, हात पुढे करायला जागा लागते. ताण नसलेल्या विणीव कापडात (उभ्या-आडव्या धाग्यांच्या, मागावरच्या) छातीला २ ते ४ इंच जास्त ठेवतात, होजिअरीत (टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडात) शून्य किंवा उलट कमीसुद्धा चालतं कारण कापडच ताणलं जातं. विणीव कापडाचा पॅटर्न होजिअरीत शिवला तर पोतं होतं आणि होजिअरीचा पॅटर्न विणीव कापडात शिवला तर डोक्यातून खालीच येत नाही.

मुंढ्याबद्दल एक वेगळं सांगायला हवं. हात अडकतोय म्हणून मुंढा खोल कापला की मोकळं होईल असं कुणालाही वाटतं, मलाही वाटलं होतं, आणि माझ्या पहिल्या ड्रेसचा मुंढा मी तीन वेळा खोल केला, दर वेळी हात आणखी खाली अडकत गेला, शेवटी हात वर केला की अख्खा ड्रेस घेरासकट वर यायचा. होतं उलटं. मुंढा काखेच्या जवळ, वर असेल तर हात फिरतो तेव्हा फक्त बाही हलते, खोल असेल तर हाताबरोबर पूर्ण धड ओढलं जातं. आणि खोल कापलेला मुंढा परत वर आणता येत नाही.

म्हणूनच आधी स्वस्त कापडात किंवा जुन्या चादरीत कच्चा ड्रेस शिवून बघतात. याला टॉइल किंवा मस्लिन म्हणतात. टीप लांब, ४-५ मिमी ठेवायची म्हणजे पटकन उसवते. बघताना वरून खाली यायचं, आधी खांदा, मग छाती, मग कंबर, कारण खांदा चुकला असेल तर खालची प्रत्येक सुरकुती त्याचीच असते. सुरकुती जिकडे बोट दाखवते तिकडे गडबड, आडवी ताणलेली म्हणजे जागा कमी, उभी लोंबणारी म्हणजे जागा जास्त. छातीचा डार्ट (आकार देण्यासाठी शिवलेली टोकदार चूण) स्तनाग्राच्या साधारण इंचभर अलीकडे संपला पाहिजे, तिथपर्यंत नेला तर टोक उभं राहतं. टॉइल करायचा कंटाळा सगळ्यांनाच येतो, पण तो नव्या पॅटर्नला एकदाच करायचा असतो आणि त्यानंतर तो पॅटर्न आयुष्यभर आपला.

कापड

पॅटर्नच्या पाकिटावर सुचवलेलं कापड लिहिलेलं असतं ते वाचायचं, कारण एकच पॅटर्न कडक सुती कापडात तंबूसारखा उभा राहतो आणि रेयॉनमध्ये पाण्यासारखा पडतो. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ११० सेंमीचा आहे की १४०-१५० चा यावर किती मीटर लागेल ते ठरतं, मोठ्या पन्ह्यात गुडघ्यापर्यंतचा साधा बाहीचा ड्रेस साधारण दोन-अडीच मीटरमध्ये निघतो, लहान पन्ह्यात तीनच्या पुढे. सुती आणि लिनन कापायच्या आधी धुवायचंच, पुढे जसं धुणार तसंच. मीटरमागे ३-५ सेंमी आटणं काही विशेष नाही आणि ते आटणं शिवल्यावर झालं तर कंबर वर चढते.

कापडाचा उभा धागा काठाला समांतर असतो आणि पॅटर्नवरचा लांब बाण त्यावरच बसवायचा. हे थोडं जरी तिरकं झालं तर शिवताना कळत नाही, दोन धुण्यांनंतर घेर पायाभोवती वळायला लागतो. उरेब म्हणजे ४५ अंशाचा तिरका कट, त्यात कापड ताणलं जातं आणि अंगावरून वाहतं. १९२० च्या दशकात मादलेन व्हिओने यांनी उरेब कटाचे ड्रेस नावारूपाला आणले, त्या डिझाइन लहान लाकडी पुतळ्यावर बसवून बघायच्या. उरेब किंवा गोल घेराचा ड्रेस शिवून झाला की दुरुमड (खालची कडा आत मुडपून घातलेली शिवण) घालायच्या आधी निदान एक दिवस हँगरला टांगून ठेवायचा, तिरका भाग लोंबून खाली येतो, मग जमिनीपासून उंची मोजत कडा कापायची.

गोल घेराचं गणित सोपं आहे. कंबर भागिले ६.२८ म्हणजे आतल्या गोलाची त्रिज्या, कंबर ७० सेंमी असेल तर ११.१. अर्ध्या गोलाला ३.१४ ने भागायचं, २२.३ येतं. काढलेल्या आकड्यापेक्षा गोल किंचित लहानच कापा, तिरका भाग ताणला जातो. चुण्यांच्या घेराला मात्र एवढंही गणित नाही, कंबरेच्या दीडपट ते अडीचपट कापड घ्यायचं आणि गोळा करायचं.

शिवणं

यावर पानंच्या पानं लिहिलेली असतात, पण शिवण्यात चुकलेलं उसवता येतं. टीप २.५ मिमी. सुई कापडाप्रमाणे, ८० नंबर म्हणजे सुईची जाडी ०.८ मिमी, ती मध्यम कापडाला, पातळ रेयॉनला ७०, जाड कापडाला ९०, होजिअरीला बॉलपॉइंट (गोल टोकाची) नाहीतर टाके सुटतात. गळा कापला की लगेच कडेने एक टीप मारून ठेवायची, गळ्याचा गोल ताणला जातो. ओव्हरलॉक (कापडाची कड सुटू नये म्हणून बांधणारं मशिन) नसेल तर झिगझॅग चालतो, पातळ कापडाला फ्रेंच सीम, म्हणजे कच्च्या कडा आत बंद होणारी शिवण, छान दिसते.

इस्त्रीवर मात्र मी अडून बसेन. प्रत्येक शिवण मारल्यावर, पुढच्या शिवणीने तिला ओलांडायच्या आधी इस्त्री करायची. आधी टीप जशी आहे तशी दाबायची, मग माया (शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड) उघडून. घरी शिवलेलं "घरी शिवलेलं" दिसतं ते बहुतेक वेळा टीप वाकडी आहे म्हणून नाही, इस्त्री शेवटी एकदाच केली म्हणून. आणि इस्त्री दाबायची, फिरवायची नाही, फिरवली की उरेब भाग लांबतो.

कपाट भरताना

इथे बहुतेकांचं फसतं. आपण कापड बघून ड्रेस ठरवतो, कापड दुकानात सगळ्यात सुंदर ते उचलतो, मोठ्या फुलांचं, चमकणारं, आणि घालतो मात्र रोज तोच साधा एकरंगी. शिवायला मजा येते ते आणि घालायला आवडतं ते यात अंतर असतं. एक उपाय म्हणजे आठवडाभर आपण खरंच काय घातलं ते लिहून काढणं आणि पुढचे तीन ड्रेस त्यावरून ठरवणं. दर मे महिन्यात स्वतः शिवलेलंच घालायचा संकल्प करणारे लोक जगभर आहेत, 'मी मेड मे' नावाने हे २०१० पासून चालतं, आणि त्यातून काय कळतं तर कुठला ड्रेस महिनाभर हँगरवरून उतरलाच नाही.

दुसरं म्हणजे पॅटर्न कमी ठेवायचे. एक नीट बसवलेला वरचा भाग हाताशी असला की त्याला कधी चुण्यांचा घेर, कधी कळ्यांचा, कधी अर्धा गोल, बाही लांब, बाही नाही, गळा चौकोनी, पुढून बटणपट्टी असं करत दहा ड्रेस होतात आणि ते एकसारखे आहेत हे शिवणाऱ्याशिवाय कुणाला कळत नाही. दर वेळी नवा पॅटर्न घेतला तर दर वेळी बसवण्यापासून सुरुवात. खिसे सगळ्यांना लावावेत, त्यावर चर्चा नको.

वेळ किती लागतो तर ओळखीचा साधा ड्रेस दोन-तीन संध्याकाळी, अस्तर, काजं आणि कॉलर असलेला नवा पॅटर्न दोन-तीन शनिवार-रविवार. अर्धवट राहिलेला ड्रेस बहुधा चेन, काज किंवा दुरुमड यातल्या एकावर अडलेला असतो, त्यामुळे काजं करायची ती सगळ्या ड्रेसची एकाच दिवशी बसून करून टाकायची, आधी तुकड्यावर एक करून बघून.

माया हा शिवणातला शब्द, शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. पॅटर्नमध्ये ती बहुतेक १.५ सेंमी असते, पण कपाटात वर्षानुवर्षं राहायचा ड्रेस असेल तर बाजूच्या शिवणींना २.५ सेंमी सोडा आणि दुरुमडही रुंद ठेवा. अंग कमी-जास्त होतं, उंची वाढवावीशी वाटते, आणि रेडिमेडमध्ये नेमकी हीच जागा नसते. जे काही बदललं ते पॅटर्नच्या कागदावरच तारखेसकट लिहून ठेवायचं, खांदा अर्धा इंच वर, पाठ एक सेंमी कमी वगैरे, नाहीतर पुढच्या वर्षी तोच कागद काढून आपण परत तोच मुंढा खोल करत बसतो.