शटलचं पहिलं उड्डाण: १९७७ की १९८१?

स्पेस शटल, म्हणजे नासाचं पुन्हा पुन्हा वापरता येणारं अवकाशयान, पहिल्यांदा कधी उडालं, असं विचारलं तर कुणी १२ ऑगस्ट १९७७ सांगतं, कुणी १२ एप्रिल १९८१. फोटो काढून बघितले तर घोळ आणखी वाढतो. दोन्हीकडे तेच काळंपांढरं, आखूड पंखांचं यान, आत दोन माणसं, आणि उतरण्याची जागाही तीच: कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळाजवळचा कोरडा तलाव. पण १९७७ चं यान एंटरप्राइझ होतं आणि १९८१ चं कोलंबिया.

एंटरप्राइझ अवकाशात कधी गेलंच नाही. त्याला इंजिनं नव्हती, आणि अंगावरच्या टाइल्स उष्णता अडवणाऱ्या नव्हत्या, नुसत्या फोमच्या होत्या. बोइंग ७४७ च्या पाठीवर बसून ते वर गेलं, साधारण ७,३०० मीटरवर सुटलं आणि ५ मिनिटं २१ सेकंदांत जमिनीवर आलं. फ्रेड हेझ (अपोलो १३ वरचेच) आणि गॉर्डन फुलर्टन ते चालवत होते. अवकाशात गेलं नाही म्हणून पुष्कळजण त्याला ‘डमी’ म्हणून मोकळे होतात. मला हा शब्द खटकतो, कारण त्या पाच मिनिटांत विचारलेला प्रश्न खरा होता. अवकाशातून परतलेलं शटल इंजिनाशिवाय उतरणार. अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी मारायची सोय नाही. एवढं जड यान असं अलगद उतरवता येतं का?

उत्तर मिळवायला अशी पाच उड्डाणं झाली. पहिल्यात ७४७ पासून सुटताना बसलेल्या हादऱ्याने यानाचा एक संगणक बंद पडला. बाकीच्यांनी काम सांभाळलं. जास्त शिकवलं ते पाचव्याने, २६ ऑक्टोबर १९७७ ला. या वेळी उतरायचं होतं काँक्रीटच्या धावपट्टीवर. हेझ यांनी दांडा हलवला की यान किंचित उशिरा ऐकायचं. उशीर झाला म्हणून हात आणखी हलायचा, तोवर आधीचा हुकूम लागू झालेला असायचा. यान डोलू लागलं, चाकं टेकली आणि ते पुन्हा उसळलं. पुढे नासाने एफ-८ विमानावर मुद्दाम असाच उशीर घालून चाचण्या केल्या आणि शटलच्या सॉफ्टवेअरमध्ये तो दोष आवरणारा फिल्टर बसवला. कोलंबिया उडायच्या कितीतरी आधी हे घडलं, हे महत्त्वाचं.

कोलंबियाची गोष्ट नेमकी उलटी. जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन १९८१ मध्ये त्यात बसले तेव्हा उतरणं सोडून जवळजवळ सगळंच पहिल्यांदा होत होतं. त्याआधी शटल एकदाही माणसांशिवाय कक्षेत पाठवलेलं नव्हतं. एवढी जोखीम कशाच्या भरवशावर घेतली, तर जमिनीवरच्या चाचण्या आणि दोन इजेक्शन सीट्स (संकटात माणसाला यानाबाहेर फेकणाऱ्या खुर्च्या). त्यातून प्रक्षेपण ठरलं होतं १० एप्रिलला. संगणकांचा आपसांत मेळ बसेना म्हणून ते दोन दिवस पुढे गेलं आणि अवकाशात गेलेला पहिला माणूस गागारिन, त्याच्या उड्डाणाला बरोबर २० वर्षं होत होती त्या दिवशी पडलं. हा निव्वळ योगायोग.

धक्के बसले ते आधी न तपासलेल्या भागांतच. घन इंधनाचे रॉकेट पेटताच दाबाची लाट उलटून यानावर आदळली आणि शेपटीखालची मोठी हलती फळी (बॉडी फ्लॅप) ठरलेल्या मर्यादेपलीकडे ढकलली गेली. हे तेव्हाच कळलं असतं तर आपण इजेक्ट झालो असतो, असं यंग यांनी नंतर सांगितलं. कक्षेत मालकक्षाची दारं उघडल्यावर मागच्या बाजूच्या काही टाइल्स गळालेल्या दिसल्या. परतल्यावर मोजल्या तर १६ गायब होत्या, १४८ खराब. मात्र ५४ तासांनंतर १४ एप्रिलला यान तलावावर सुरेख उतरलं. त्या टप्प्याची तालीम एंटरप्राइझने करून ठेवली होती.

‘पुनर्वापराचं पहिलं उड्डाण’ विचारत असाल तर या दोन्ही तारखा चुकीच्या. नवं यान पहिल्यांदा उडालं म्हणजे पुनर्वापर झाला असं नाही. १२ नोव्हेंबर १९८१ ला तीच कोलंबिया दुसऱ्यांदा झेपावली. माणसांसह कक्षेत जाऊन आलेलं यान पुन्हा माणसांना घेऊन कक्षेत जाण्याची ती पहिली वेळ, आणि माझ्या मते शटलची खरी तारीख तीच.

एंटरप्राइझलाही पुढे अवकाशात पाठवायचा बेत होता. फेरफाराचा खर्च फार निघाला, म्हणून चाचणीचा दुसरा सांगाडा घेऊन चॅलेंजर घडवलं गेलं. १ फेब्रुवारी २००३ ला कल्पना चावलासह सात जणांना घेऊन परतणारी कोलंबिया तुटली. इंधनटाकीवरून सुटलेला फोम पंखाला लागल्याने हे घडलं का, हे तपासायला पंखाच्या कडेचे तुकडे हवे होते. सुरुवातीच्या चाचण्यांसाठी ते एंटरप्राइझच्या पंखावरून काढले गेले.