थांबलेल्या मशीनचा हिशोब

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आज तिथे यंत्रमाग कामगाराच्या मजुरीची बोलणी होतात ती ‘५२ पिकाला प्रतिमीटर इतके पैसे’ या भाषेत. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. एक मीटर कापडात किती धागे पडले यावर मजुरी ठरते, म्हणजे उत्पादन मोजणं आणि पगार काढणं हे तिथे एकच काम आहे. कारखान्यात प्रॉडक्शन मॉनिटरिंगचं, म्हणजे मशीन किती चाललं, किती नग निघाले आणि ते का थांबलं हे टिपणारं सॉफ्टवेअर बसवताना ही गोष्ट सहसा कुणी काढत नाही. विक्रेता डॅशबोर्डचे रंग दाखवतो, मालक प्रति मशीन खर्च विचारतो आणि ऑपरेटर लांबून बघत मनात म्हणतो, ‘आता रेट बदलणार.’ त्याच्या या शंकेला शंभरेक वर्षांचा इतिहास आहे.

कामाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा स्टॉपवॉचवर मोजण्याची पद्धत फ्रेडरिक टेलर यांनी १८८०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल स्टील कारखान्यात रुजवली. ती अमेरिकेच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यांत पोचली, आणि ऑगस्ट १९११मध्ये वॉटरटाउनच्या कारखान्यातले ओतकामाचे साचे बनवणारे कामगार घड्याळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला पाहून काम सोडून बाहेर पडले. संप थोड्याच दिवसांत मिटला, पण त्याचे पडसाद थेट संसदेत उमटले. सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉच लावून काम मोजण्यावर सरकारी पैसा खर्च करायचा नाही, अशी अट पुढे खर्चाच्या मंजुरीतच घातली गेली आणि ती १९४९पर्यंत टिकली.

मुंबईत हाच वाद गिरणीत पेटला. १९२८च्या सुरुवातीला ससून समूहाच्या गिरण्यांनी विणकराकडे दोन साच्यांऐवजी तीन साचे आणि त्रासन, म्हणजे सूतकताई खात्यात कामगाराकडे यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू द्यायला सुरुवात केली. गिरणगावात मागालाच साचा म्हणत. मालकांचं म्हणणं असं की लँकेशायर आणि जपानमध्ये एक माणूस याहून जास्त माग सांभाळतो. कामगारांचं म्हणणं असं की तिथलं सूत आणि इथलं सूत एक नाही. सूत हलकं असलं की धागा सारखा तुटतो, माग थांबतो, आणि महिनाअखेर कापड कमी भरलं की दोष मात्र विणकराच्या माथी. एप्रिल ते ऑक्टोबर असे सहा महिने, सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. त्याच लढ्यातून श्रीपाद अमृत डांगे वगैरे मंडळींची गिरणी कामगार युनियन उभी राहिली आणि सरकारला या वादाच्या चौकशीसाठी फॉसेट समिती नेमावी लागली. माझ्या मते या विषयातला कळीचा प्रश्न इथेच मांडला गेला. किती कापड निघालं हे कुणीही मोजेल, पण माग का थांबला हे कोण लिहिणार?

जपानने या प्रश्नाचं उत्तर यंत्रातच शोधायचा प्रयत्न केला. साकिची तोयोदा यांचा १९२४चा स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सने १९२९मध्ये त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ज्या लँकेशायरने मुंबईला माग विकले, त्याच लँकेशायरवर जपानी मागाचे हक्क विकत घ्यायची वेळ आली. तोयोदांच्या घरातून पुढे टोयोटा हा मोटारींचा कारखाना निघाला आणि तिथे हीच कल्पना माणसापर्यंत आणली गेली. लाइनवरचा कामगार दोरी ओढतो, वरचा दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. वेळेत प्रश्न सुटला नाही तर लाइन थांबते. बारकाई अशी की कारण त्याच क्षणी, त्याच जागी विचारलं जातं. पाळी संपताना आठवून लिहिलेलं कारण आणि दिवा लागल्यावर दोन मिनिटांत सांगितलेलं कारण यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

मशीन थांबण्याच्या नुकसानीला आकड्यात बसवलं जपानच्याच सेइची नाकाजिमा यांनी. देखभाल हे फक्त मेंटेनन्स खात्याचं काम नाही, ऑपरेटरचंही आहे, ही त्यांची टीपीएमची (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) मांडणी. १९७१मध्ये निप्पॉनडेन्सो या टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीने ती राबवून दाखवली. तिच्यातलं मोजमाप म्हणजे ओईई, यंत्राची एकूण परिणामकारकता. मशीन किती वेळ चाललं, चाललं तेव्हा ठरलेल्या गतीने चाललं का, आणि निघालेल्या नगांत चांगले किती, या तिन्हींचा गुणाकार. नाकाजिमांनी धरलेली पातळी होती ९०, ९५ आणि ९९ टक्के. गुणाकार ८५च्या आसपास येतो. हा ८५ पुढे असा गाजला की कास्टिंग असो, शीटमेटल असो वा बाटल्यांत सरबत भरणं असो, ऑडिटला आलेला माणूस तोच विचारतो. मग कारखानेही शहाणे होतात. सायकल टाइम, म्हणजे एका नगाला लागणारा ठरलेला वेळ, ढिला धरला की गतीचा आकडा १०० टक्क्यांच्या वर जातो, आणि भिंतीवरचा तक्ता हिरवागार दिसतो.

मशीनच्या पोटातून थेट सिग्नल मिळायची सोय आली ती वेगळ्याच गरजेतून. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला दर नव्या मॉडेलला रिलेंनी (विजेवर चालणाऱ्या स्विचांनी) भरलेली पॅनेलं नव्याने वायरिंग करावी लागत. त्यावर डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हा पीएलसी, म्हणजे वायरिंग न बदलता प्रोग्रॅमने मशीन चालवणारा छोटा संगणक, बनवला, तो १९६९मध्ये बसला. १९७९मध्ये मॉडबस ही यंत्रांच्या संवादाची पद्धत आली आणि एक यंत्र दुसऱ्याला आकडे सांगू लागलं. आज अनेक कारखान्यांत वापरला जाणारा एमक्यूटीटी हा माहिती पाठवण्याचा प्रोटोकॉलही कारखान्यासाठी जन्मलेला नाही. १९९९मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तो तेलाच्या पाइपलाइनवर, महागड्या उपग्रह जोडणीतून थोडक्यात माहिती पाठवण्यासाठी केला होता. मधल्या काळात ऑफिसात ईआरपी, म्हणजे कंपनीचे सगळे व्यवहार एकत्र ठेवणारी प्रणाली, रुजली. तिच्यात ऑर्डर, खरेदी, बिल सगळं होतं, पण दुपारी दोन वाजता तिसऱ्या नंबरच्या मशीनवर काय चाललंय हे तिला ठाऊक नव्हतं. ही पोकळी भरणाऱ्या सॉफ्टवेअरला १९९२च्या सुमारास एमईएस (मॅन्युफॅक्चरिंग एक्झिक्युशन सिस्टिम) हे नाव मिळालं. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनची भाषा समान करणारं एमटीकनेक्ट २००८मध्ये आलं, आणि २०११च्या हॅनोव्हर मेळ्यात जर्मनांनी या सगळ्यावर ‘इंडस्ट्री ४.०’चा शिक्का मारला.

आपल्याकडे एमआयडीसीची स्थापना १९६२ची. पिंपरी-चिंचवडला टेल्को (नंतरची टाटा मोटर्स) आणि बजाज ऑटो आल्या, त्यांच्याभोवती भोसरीत लेथ आणि मिलिंगची लहान वर्कशॉप उगवली. या वर्कशॉपांचं मॉनिटरिंग म्हणजे मालकाची फेरी आणि सुपरवायझरची वही. मारुतीमुळे ऐंशीच्या दशकात आणि मोठ्या प्रमाणावर १९९१नंतर जपानी कार्यपद्धती पुरवठादारांपर्यंत झिरपली. मशीनशेजारी दर तासाला नग लिहायचा बोर्ड आला. एका बाजूला टार्गेट, एका बाजूला प्रत्यक्ष, शेवटी ‘कारण’ असा रकाना. तो रकाना बहुतेक ठिकाणी कोरा असतो किंवा त्यात ‘लाइट गेली’ असतं. पुढे मोटार कंपन्यांचे ऑडिट कडक झाले आणि वहीतले आकडे त्यांना पुरेनात. केंद्राच्या समर्थ उद्योग योजनेखाली पुण्यात सीफोरआयफोर ही इंडस्ट्री ४.०ची प्रयोगशाळाही उभी राहिली. तरी लहान कारखान्यांच्या बाबतीत खरा फरक पडला तो स्वस्ताईने. २०१२मध्ये रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा स्वस्त संगणक आला, २०१४मध्ये वायफायची ईएसपी८२६६ चिप आली, २०१६नंतर मोबाइल डेटा मातीमोल झाला. जे काम पूर्वी मोठ्या कंपनीच्या बजेटचं होतं, ते दहा मशीनच्या शेडमध्ये परवडू लागलं.

आता बसवण्याकडे. जुन्या मशीनला नेटवर्कचं पोर्ट नसतं, म्हणून तंत्रज्ञ मशीनवरच्या हिरव्या-पिवळ्या-लाल दिव्याच्या २४ व्होल्टच्या तारेतून सिग्नल घेतो किंवा स्पिंडल (मशीनचा फिरणारा मुख्य दांडा) मोटरच्या वायरवर करंट मोजणारी क्लॅम्प लावतो. दोन्ही सोपं, दोन्ही फसवं. हिरवा दिवा म्हणजे सायकल चालू आहे एवढंच, नग चांगला निघतोय असं नव्हे. सीएनसी मशीनवरच्या नव्या फानुक कंपनीच्या कंट्रोलमधून नगांची संख्या थेट वाचता येते, पण तो आकडा वाढतो प्रोग्रॅमच्या शेवटी एम३० हा ‘प्रोग्रॅम संपला’ सांगणारा कोड आला की. सेटरने, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्या कारागिराने, नवं काम लावताना मशीनमध्ये माल न घालता प्रोग्रॅम चालवून पाहिला तरी काउंटर एकने पुढे. महिन्याभरात गोडाऊनमधला माल आणि स्क्रीनवरचा आकडा जुळत नाही, आणि सगळे सॉफ्टवेअरला शिव्या घालतात.

दिनदर्शिकेचं दुखणं त्याहून क्षुल्लक दिसतं, पण जास्त छळतं. रात्रपाळी एका तारखेला सुरू होऊन दुसऱ्या तारखेला संपते. तिचं उत्पादन आदल्या दिवसात धरायचं हे कारखान्यातल्या पोरालाही माहीत असतं, सॉफ्टवेअरला सांगावं लागतं. बाहेरून आणलेली प्रणाली रविवार सुट्टीचा धरते, आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी असते गुरुवारी. हे दुरुस्त केलं नाही तर दर गुरुवारी सगळी मशीनं ‘बंद’ दिसतात आणि आठवड्याचा ओईई कारण नसताना झोपतो.

आणि मग तो जुना रकाना, ‘कारण’. मशीन थांबलं की टॅब्लेटवर यादी उघडते. मटेरियल नाही, टूल बदल, सेटिंग, ब्रेकडाउन, तपासणीची वाट, जेवण, इतर. यादी पंचवीस नावांची असली की ऑपरेटर पहिलं दिसेल ते दाबतो, नाहीतर ‘इतर’. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ‘मटेरियल नाही’ दाबलं तर स्टोअरवाला संध्याकाळी जाब विचारतो, ‘इन्सर्ट (टूलची कापणारी बदलती पाती) तुटला’ दाबलं तर सुपरवायझर त्यालाच विचारतो की इतके इन्सर्ट कसे तुटतात. ‘इतर’ दाबलं की कुणीच काही विचारत नाही.

म्हणून ज्यांनी हे बसवून झेललंय, ते यादी विक्रेत्याकडून घेत नाहीत. पाळीतल्या दोन-तीन जुन्या ऑपरेटरांना आणि सेटरला बसवून सात-आठ कारणं त्यांच्याच शब्दांत ठरवतात. पाचेक मिनिटांच्या आतल्या थांब्याला कारण विचारतच नाहीत. प्रत्येक कारणापुढे कोणी हलायचं ते लिहितात. ‘मटेरियल नाही’ आलं की मेसेज स्टोअरला जातो, ‘ब्रेकडाउन’ आलं की मेंटेनन्सला, आणि ऑपरेटरला कुणी जाब विचारत नाही. जिथे युनियन आहे आणि वेतनकरारात पाळीमागे किती नग हे लिहिलेलं आहे, तिथे स्क्रीनवरचा आकडा त्या कराराच्या बोलण्यांत वापरायचा की नाही, हेही आधीच कागदावर घेतात. ते राहिलं असेल तर निदान पहिले काही महिने आकडे दाखवणारा मोठा टीव्ही शेडमध्ये लावू नये. आकडे आधी सुपरवायझर आणि ऑपरेटरने मिळून तपासावेत, एम३०चा घोळ आणि रात्रपाळीची तारीख सुधारून घ्यावी, आणि मगच ते मालकाच्या मोबाइलवर जाऊ द्यावेत.