जड धातू आणि पुरुषांची प्रजननक्षमता

शिसे, कॅडमियम आणि पारा श्वासावाटे किंवा अन्नावाटे दीर्घकाळ शरीरात गेल्यास शुक्रजंतूंची निर्मिती बिघडते. सांगली जिल्ह्याला हा विषय परका नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतील अनेक कुटुंबे देशभर सोने-चांदी शुद्ध करण्याचा गलाई व्यवसाय करतात.

चांदी शिशासोबत तापवून हवेचा झोत दिला की शिशाचे मुरदाडशिंग (शिशाचे ऑक्साइड) होते आणि अशुद्धी घेऊन भट्टीच्या अस्तरात मुरते. त्यातले काही शिसे धुरातून उडते. केडीएम जोडाचे, म्हणजे कॅडमियम मिसळलेल्या डागाने जोडलेले, दागिने आटवणे याहून घातक. कॅडमियम ७६७ अंश सेल्सियसला उकळते, सोने १०६४ अंशांना वितळते. सोने पातळ होईपर्यंत कॅडमियमचा धूर सुटलेला असतो. तोंडाला बांधलेला रुमाल तो अडवत नाही. धूर बाहेर ओढणारा पंखा भट्टीलगतच हवा. कोरडा झाडू मारल्यास धूळ पुन्हा उडते, म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसावी.

शुक्रजंतूच्या डोक्यात डीएनए घट्ट बांधणाऱ्या प्रोटामीन प्रथिनाला जस्त लागते; शिसे जस्ताची जागा बळकावते. कॅडमियम वृषणात शुक्रजंतूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींमधील सांधे सैल करते, त्यामुळे रक्त आणि वृषण यांमधला पडदा फुटतो. रक्तातील शिसे दर डेसीलिटरला ४० मायक्रोग्रॅमच्या वर गेल्यास शुक्रजंतूंची संख्या व हालचाल घटल्याचे आढळते.

मूल होत नसेल तर आधी बायकोच्याच तपासण्या होतात, ही पद्धत चुकीची आहे. वीर्य तपासणी स्वस्त आणि सोपी असते: २ ते ७ दिवस संयम पाळून नमुना द्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत खालची मर्यादा मिलिलिटरला १.६ कोटी शुक्रजंतू आणि त्यांतले ४२ टक्के हालचाल करणारे अशी आहे. सोबत रक्तातील शिसे मोजावे आणि डॉक्टरांना कामाचे स्वरूप स्पष्ट सांगावे.

ताकदीसाठी भस्मे घेणे येथे उलटू शकते. नागभस्म शिशापासूनच बनते. शिसे बाहेर काढणारी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावीत, आणि धूर चालू असताना ती घेऊन उपयोग नाही.

शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडायला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून संपर्क थांबवल्यावर फेरतपासणी त्यानंतरच करावी. हाडांत साठलेले शिसे मात्र वर्षानुवर्षे रक्तात झिरपत राहते; जुन्या कारागिराच्या रक्तातील पातळी हळूहळूच उतरते. कामाचे कपडे दुकानातच बदलावेत. घरी आणलेल्या कपड्यांवरची धूळ मुलांच्या पोटात जाते.