नाव कळतं, गाव कळत नाही

नाशिकच्या मिसळीतली मोडाची मटकी चांगली उकळलेली असते, म्हणून ती निर्धास्त खावी. कच्च्या मोडांचं तसं नाही. २०११ साली जर्मनीत मेथीचे कच्चे मोड खाऊन जवळपास ४ हजार माणसं आजारी पडली, ५०हून अधिक दगावली. आळ आधी स्पेनच्या काकड्यांवर आला होता. खरा माग लागला तो कोण कुठे काय जेवलं याच्या चिकाटीच्या चौकशीतून. आणि गावोगावचे रुग्ण एकाच साथीतले आहेत हे कळलं, कारण त्यांच्या शौचातून वाढवलेला जंतू सगळीकडे एकच निघाला : ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूचा ओ१०४:एच४ हा दुर्मीळ प्रकार.

जंतू वाढवणं म्हणजे कल्चर. नमुना अगारच्या, म्हणजे जंतूंना पोसणाऱ्या जेलीच्या थाळीवर पसरून रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात. मॅकॉन्की अगारवर ई. कोलायचे ठिपके गुलाबी दिसतात, साल्मोनेला या अन्नातून बाधणाऱ्या दुसऱ्या जंतूचे रंगहीन. पुढच्या चाचण्या धरून दोन-चार दिवस जातात. आता पीसीआर पॅनेल, म्हणजे एकाच वेळी अनेक जंतू शोधणारी चाचणी, आलं आहे. ते शौचातला जंतूचा डीएनए थेट शोधतं आणि तासा-दोन तासांत उत्तर देतं. अत्यवस्थ बाळाच्या आईवडिलांसाठी हा वेळ फार मोलाचा आहे.

पण पीसीआर सांगतं ‘साल्मोनेला’, आणि थांबतं. साल्मोनेलाचे २५००हून अधिक प्रकार आहेत. त्यातला नेमका कोणता आणि दोन रुग्णांतला जंतू एकच का, हे खात्रीने ओळखायला आता त्याचा पूर्ण जनुकक्रम वाचतात. अमेरिकेतलं १९९६ सालचं पल्सनेट हे अन्नातून पसरणाऱ्या साथी शोधणाऱ्या प्रयोगशाळांचं जाळं २०१९पासून याच पद्धतीवर चालतं. त्यासाठी बहुतेक वेळा वाढवलेला, जिवंत जंतू हाती असावा लागतो. शिवाय पीसीआर मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडतं. त्यामुळे रुग्णांचा आकडा वाढला तर आजार वाढला की चाचणी तीक्ष्ण झाली, हे तपासल्याशिवाय बोलू नये.

२०२७च्या सिंहस्थाचा विचार करताना मला हेच सारखं आठवतं. साल्मोनेला पोटात गेल्यावर त्रास सहा तासांत सुरू होतो किंवा सहा दिवसांनीही. तपोवनात एका पंगतीला जेवलेला एक जण तोवर धुळ्याला पोचलेला असेल, दुसरा इंदूरला. दोन्हीकडे रिपोर्टात तेच नाव येईल आणि दोघांचा संबंध कुणाच्या ध्यानातही येणार नाही. म्हणून पीसीआर पॉझिटिव्ह आलं की उरलेल्या नमुन्याचं कल्चर व्हायलाच हवं. खर्च वाढतो, मान्य आहे. तरी ते व्हावं.

उपासाच्या भगरीचं प्रकरण आणखी वेगळं. तिथे बुरशीचं विष बाधतं, त्यामुळे शौचाच्या या दोन्ही चाचण्यांत काही सापडत नाही. भगरच तपासावी लागते. घरात दोघातिघांना एकदम उलट्या-जुलाब झाले तर उरलेलं अन्न टाकू नका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. डॉक्टरांनी शौचाचा नमुना मागितला तर शक्यतो प्रतिजैविकाची पहिली गोळी घेण्याआधी द्या. गोळी पोटात गेली की थाळीवर जंतू उगवेलच असं नाही.